शंभरातले साडेतेरा लिटर : नॉम पेन शहराच्या पाण्याची गोष्ट

सुरुवात एका सोप्या गणिताने करू. एका शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात १०० लिटर पाणी शुद्ध केलं. त्यातलं ७२ लिटर वाटेतच 'गायब' झालं. उरलेल्या २८ लिटरची बिलं निघाली, पण बिलांपैकी फक्त ४८ टक्केच वसूल झाली. तर पालिकेला पैसे किती लिटरचे मिळाले? कॅल्क्युलेटर काढायची गरज नाही. जेमतेम साडेतेरा लिटरचे!

हे आकडे मनाने रचलेले नाहीत. कंबोडिया देशाची राजधानी नॉम पेन, साल १९९३. त्या शहराच्या पाणीखात्याची ही खरीखुरी स्थिती. शहरातल्या साधारण चौथा हिस्सा लोकांपर्यंतच नळ पोचला होता. ज्यांच्याकडे नळ होता त्यांनाही दिवसातले जेमतेम दहा तास पाणी, तेही इतक्या कमी दाबाने की वरच्या मजल्यावर चढायचं नाव नाही.

आता त्याच शहराचे २००८ च्या आसपासचे आकडे बघा. नव्वद टक्के शहराला नळ, चोवीस तास पाणी, थेट नळाचं पिता येईल इतकं स्वच्छ. गायब होणारं पाणी ७२ वरून सुमारे ६ टक्क्यांवर. बिलांची वसुली ९९ टक्क्यांच्या वर. ज्या देशाला त्या काळी जगातल्या सर्वात गरीब देशांत गणलं जायचं, त्याच्या राजधानीने पंधरा वर्षांत हे केलं.

"परदेशातून पैसा आला असेल, त्यात काय एवढं?" असं कोणीतरी म्हणणारच. पैसा आला, हे खरंच आहे. पण परदेशी पैसा जगातल्या शेकडो शहरांत आला आणि गेला. मग इथेच काय वेगळं घडलं? आपल्यापैकी बरेच जण उद्या एखाद्या नगरपालिकेत, जीवन प्राधिकरणात किंवा कन्सल्टन्सीत जाणार. म्हणून ही गोष्ट नीट समजून घेतलेली बरी.

शून्यातूनही मागे

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या सशस्त्र संघटनेने नॉम पेन ताब्यात घेतलं आणि अख्खं शहर रिकामं करवलं. डॉक्टर, शिक्षक, इंजिनियर, शिकलेला माणूस दिसला की संशयित! जानेवारी १९७९ मध्ये ती राजवट कोसळली तेव्हा देशात शिकलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. लोक शहरात परत आले. जमिनीखाली फ्रेंच काळातले जुने बिडाचे पाइप होते, पण ते कुठून कुठे गेले आहेत हे सांगणारे नकाशे नव्हते आणि ती माणसंही नव्हती.

१९९१ साली पॅरिसमध्ये शांतता करार झाला, १९९३ साली संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका झाल्या आणि परदेशी मदतीचा ओघ सुरू झाला. जपान, फ्रान्स, जागतिक बँक, आशियाई विकास बँक, संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम, सगळे आले. त्याच वर्षी पाणीखात्याच्या प्रमुखपदी नेमणूक झाली एका इलेक्ट्रिकल इंजिनियरची. त्यांचं नाव एक सोन चान. (यातलं 'एक' हे आडनाव आहे बरं का. तिकडे आडनाव आधी लिहितात.) ख्मेर रूजच्या काळातून कसाबसा जीव वाचवून बाहेर आलेला हा माणूस.

खात्याची अवस्था काय होती? पगार इतका तुटपुंजा की त्यात घर चालणं अशक्य. त्यामुळे काही कर्मचारी स्वतःच पैसे घेऊन चोरून नळजोडण्या देत. मीटर फार कमी, बिल अंदाजपंचे. बडे लोक, लष्करी अधिकारी, सरकारी कचेऱ्या बिल भरतच नसत. दर हजार नळजोडण्यांमागे २२ कर्मचारी होते, तरी काम होत नव्हतं.

आधी काय करायचं?

अशा वेळी आपण असतो तर काय केलं असतं? बहुतेकांचं उत्तर असेल, नवीन प्लांट बांधू, मोठे पंप बसवू. मदत देणाऱ्यांनाही हेच सोपं असतं. प्लांटचं उद्घाटन करता येतं, फीत कापता येते, फोटो येतो. गळती थांबवली तर फोटो कशाचा काढणार?

पण इथे आपलं फ्लुइड मेकॅनिक्स थोडं आठवा. पाइपला ५ मिलिमीटर व्यासाचं एक भोक आहे असं धरा. त्यातून बाहेर पडणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. डिस्चार्ज कोइफिशियंट ०.६ धरला तर ०.२ बार दाबाला त्या भोकातून दिवसाला साधारण साडेसहा हजार लिटर पाणी वाहून जाईल. दाब वाढवून २.५ बार केला तर तेच भोक दिवसाला बावीस-तेवीस हजार लिटर पाणी पिईल. माणशी १३५ लिटर या आपल्याकडच्या हिशोबाने दीडशेहून जास्त मुलांच्या होस्टेलचं दिवसाचं पाणी. एका भोकातून!

म्हणजे चाळणी झालेल्या पाइपात नवीन प्लांटचं पाणी जोराने ढकललं तर लोकांपेक्षा जमिनीलाच जास्त पाणी मिळणार. प्लांट मोठा, वीजबिल मोठं, कर्ज मोठं आणि नळाला पाणी मात्र होतं तसंच. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा.

याचं दुसरं गणितही बघा. पुढे शहराची पाणी शुद्ध करण्याची क्षमता दिवसाला ६५ हजार घनमीटरवरून सुमारे ३ लाख घनमीटरपर्यंत वाढली. ६ टक्के तूट धरली तर त्यातलं २ लाख ८२ हजार घनमीटर ग्राहकाला पोचू शकतं. तूट जर ७२ टक्केच राहिली असती, तर तेवढंच पाणी पोचवायला किती शुद्ध करावं लागलं असतं? दहा लाख घनमीटरच्या वर! म्हणजे सात लाख घनमीटरचे प्लांट बांधावेच लागले नाहीत. सर्वात स्वस्त प्लांट म्हणजे थांबवलेली गळती, हे वाक्य कुठल्याही पाणी इंजिनियरने टेबलावर लिहून ठेवावं असं आहे.

मेसची वही

सोन चान साहेबांनी पहिलं मोठं काम हाती घेतलं ते ग्राहकांच्या यादीचं. घरोघरी जाऊन सर्व्हे. त्यात जे निघालं ते आपल्याला मेसच्या उदाहरणावरून पटकन कळेल. वहीत नाव असलेला मुलगा कधीच घरी गेलाय आणि जेवतोय तो दुसराच, ज्याचं वहीत नाव नाही. तिथे अगदी हेच. हजारो लोक असे, की ज्यांचं नाव नोंदीत होतं पण घरी पाणी येत नव्हतं. आणि हजारो असे, की ज्यांच्या घरी पाणी होतं पण नोंदीत नावच नव्हतं. ही यादी दुरुस्त होऊन संगणकावर चढली, तेव्हा कुठे बिलाला अर्थ आला.

त्यानंतर मीटर. प्रत्येक जोडणीला मीटर, अपवाद कोणाचाच नाही. आणि खरी परीक्षा इथेच झाली. एका बड्या लष्करी अधिकाऱ्याच्या घरी मीटर बसवायला साहेब स्वतः पथक घेऊन गेले, तेव्हा त्यांच्या डोक्याला पिस्तूल लावलं गेलं होतं. हा प्रसंग त्यांनी स्वतःच नंतर सांगितलेला आहे. ते तिथून परतले, बंदोबस्त घेऊन पुन्हा गेले आणि त्या घराचं पाणी तोडलं. शेवटी मीटर बसला. गावभर बातमी व्हायला एवढं पुरे होतं. जनरलचं पाणी तोडतात म्हटल्यावर बाकीच्यांनी मुकाट्याने बिलं भरली.

तिसरी गोष्ट म्हणजे स्वतःचा स्टाफ. यात काठी आणि गूळ दोन्ही वापरले. चोरून जोडणी देणाऱ्या कर्मचाऱ्याला कामावरून काढलं. चोरीची जोडणी दाखवून देणाऱ्याला बक्षीस. पगार वाढवले, चांगलं काम करणाऱ्याला बोनस, तरुण मुलांना जबाबदारीची पदं आणि प्रशिक्षण. गळती शोधणारी पथकं रात्रंदिवस ड्यूटीवर. परिणाम असा, की १९९३ मध्ये सुमारे २७ हजार असलेल्या जोडण्या २००८ पर्यंत १ लाख ७८ हजारांवर गेल्या, म्हणजे साडेसहा पटींहून जास्त. पण हजार जोडण्यांमागचे कर्मचारी २२ वरून ४ च्या आसपास आले. माणसं फार वाढवावी लागली नाहीत, तीच माणसं कामाची झाली.

मग परदेशी मदतीने केलं काय?

मदत नसती तर हे झालं असतं का? नाही. जपानने १९९३ मध्येच शहराच्या पाणीपुरवठ्याचा मास्टर प्लॅन करून दिला. सगळ्या देणगीदारांनी त्याच एका आराखड्यात आपापला वाटा उचलला, हे फार महत्त्वाचं. नाहीतर एरवी एकाचा पंप, दुसऱ्याचा पाइप आणि तिसऱ्याचा व्हॉल्व्ह, एकाचे आटे दुसऱ्याला बसत नाहीत असा प्रकार होतो. फुम प्रेकचा मुख्य प्लांट जपानने दुरुस्त करून वाढवला, चामकार मोनचा प्लांट फ्रान्सच्या मदतीने उभा राहिला, च्रोय चांगवारच्या प्लांटला जागतिक बँकेचं कर्ज मिळालं. जुने पाइप बदलायलाही याच संस्थांचा हातभार लागला.

पण मला सगळ्यात भावलेली मदत वेगळीच आहे. ती दिली जपानमधल्या एका पालिकेने. किताक्यूशू हे दक्षिण जपानमधलं पोलाद कारखान्यांचं शहर. १९९९ पासून तिथल्या पाणीखात्याचे इंजिनियर आणि तंत्रज्ञ नॉम पेनला येऊन राहू लागले. सल्ला देऊन विमानाने परत जाणारे कन्सल्टंट नव्हेत, तर स्वतःच्या शहरात रोज व्हॉल्व्ह फिरवणारी माणसं.

त्यांनी जी पद्धत रुजवली ती आपल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मित्रांना आवडेल. सगळ्या शहराचं जाळं ब्लॉकमध्ये तोडायचं. प्रत्येक ब्लॉकच्या तोंडाशी फ्लो आणि प्रेशर मोजणारी यंत्रं बसवायची आणि रीडिंग टेलिमीटरने थेट कंट्रोल रूममध्ये आणायचं. रात्री दोन ते चारच्या दरम्यान शहर झोपलेलं असतं, पाण्याचा वापर जवळपास शून्य. तरी एखाद्या ब्लॉकमध्ये पाणी शिरतंय, म्हणजे ते कुठेतरी गळतंय. मग पथक रस्त्यावर उतरतं. एका हातात कान लावून ऐकायचा दांडा आणि दुसऱ्या हातात पाइपांचा नकाशा. अख्ख्या शहरात गळती शोधणं म्हणजे गवतात सुई शोधणं. पण 'आज अमुक ब्लॉक' म्हटलं की सुईचा पेंढाच लहान होतो!

हे शिकलेली नॉम पेनची माणसं पुढे गुरू झाली. जपानी मदतीच्या पुढच्या टप्प्यात (२००७ ते २०११) कंबोडियातल्या आठ प्रांतिक शहरांच्या पाणीखात्यांना शिकवण्याचं काम झालं, त्यात नॉम पेनचेच लोक जपानी तज्ज्ञांच्या बरोबरीने उभे होते. मदत खरंच मुरली की नाही, याची याहून चांगली परीक्षा दुसरी नसावी.

पैशाचं काय?

दोन निर्णय धोरणाच्या पातळीवर झाले. पहिला, डिसेंबर १९९६ मध्ये सरकारने हुकूम काढून पाणीखात्याला स्वायत्त केलं. आपला हिशोब आपण ठेवायचा, आपली भरती आपण करायची आणि कमावलेला पैसा पाण्यावरच खर्च करायचा. दुसरा, दरवाढ. १९९७ आणि २००१ मध्ये पाण्याचे दर वाढवले. तिसरी दरवाढही ठरलेली होती, पण ती करावीच लागली नाही. कारण गळती आणि थकबाकी कमी झाल्यावर आहे त्या दरातच भागू लागलं.

दरवाढ म्हटली की आपल्याकडे लगेच मोर्चा निघतो. तिकडे का निघाला नाही? एक तर सेवा आधी सुधारली, बिल नंतर वाढलं. दुसरं म्हणजे दर टप्प्याटप्प्याचे ठेवले. कमी वापरणाऱ्याला सगळ्यात स्वस्त, जास्त वापरणाऱ्याला महाग. गरीब वस्त्यांमध्ये घराची पाहणी करून नळजोडणीच्या शुल्कात ३० टक्क्यांपासून थेट १०० टक्क्यांपर्यंत सूट दिली. नळ नसलेला गरीब माणूस आधी विक्रेत्याकडून हंड्याने पाणी विकत घेत होता, नळाच्या कितीतरी पट महाग. टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको.

२००६ मध्ये एक सोन चान यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१० मध्ये पाणीखात्याला स्टॉकहोमचा उद्योग जल पुरस्कार मिळाला. २०१२ मध्ये हे खातं कंबोडियाच्या नव्या शेअर बाजारात नोंदलं गेलं, आणि तिथे नोंद होणारी ती पहिलीच कंपनी ठरली. एकेकाळी दिवाळखोर असलेल्या सरकारी खात्याचे शेअर!

दुसरी बाजू

आता नाण्याची दुसरी बाजू. नॉम पेन मेकाँग, तोन्ले साप आणि बासाक या नद्यांच्या संगमावर वसलेलं आहे. नदीत पाणी मुबलक. आपल्या मराठवाड्यासारखा प्रश्न तिथे नव्हता. दुसरं, सरकारचं वरपर्यंत पाठबळ होतं आणि एकच प्रमुख तब्बल एकोणीस वर्षं खुर्चीवर टिकला. आपल्याकडे मुख्याधिकाऱ्याची बदली किती दिवसांत होते ते सर्वांना ठाऊक आहे. आणि तिथली राजवट काही आदर्श लोकशाही नव्हे, तेव्हा विरोध करणाऱ्याला जागाही कमी होती. हेही लक्षात ठेवलं पाहिजे.

शिवाय काम एकदा झालं की संपलं, असं नसतं. शहर झपाट्याने वाढलं, उंच इमारती आल्या आणि क्षमता पुन्हा अपुरी पडू लागली. २०२३ मध्ये बाखेंग येथे फ्रान्सच्या विकास संस्थेच्या आणि युरोपियन गुंतवणूक बँकेच्या कर्जातून नवा मोठा प्लांट सुरू झाला. म्हणजे नव्या प्लांटची वेळ येतेच. पण तूट कमी असलेल्या शहराने घेतलेलं कर्ज आणि चाळणी झालेल्या शहराने घेतलेलं कर्ज, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आपल्या शेजारीही असा एक प्रयोग झाला. जागतिक बँकेच्या मदतीने हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा या शहरांच्या काही निवडक भागांत २००८ च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू झालं. पाणी खरंच आलं, म्हणजे आपल्या मातीत हे होऊ शकतं, हे सिद्ध झालं. पण तो निवडक भाग शहरांचा लहानसा हिस्सा होता आणि बाकीच्या शहराला वर्षानुवर्षं वाट बघावी लागली. नमुना दाखवणं सोपं, तो पसरवणं अवघड. उलट आपल्या सातारा जिल्ह्यात कराडशेजारच्या मलकापूरने, तेही छोट्याशा गावाने, मीटर लावून चोवीस तास पाण्याची योजना यशस्वी करून दाखवली. म्हणजे इच्छा असली तर परदेशी पैशावाचूनही अडत नाही.

आपण काय घ्यायचं?

माझ्या मते या सगळ्याचं सार एवढंच आहे. परदेशी मदत पाइप देते, पंप देते, शिकवणारी माणसंही देते. पण वही नीट ठेवायची की नाही, हे ती ठरवू शकत नाही. ते त्या गावच्याच माणसांना ठरवावं लागतं. कोणाच्या घरी पाणी जातं, किती जातं आणि पैसे कोण भरतं, या तीन प्रश्नांची उत्तरं ज्या पालिकेकडे नाहीत, तिला दिलेला कोट्यवधी रुपयांचा निधी म्हणजे ५ मिलिमीटरच्या भोकातून जाणारं पाणीच.

उद्या कुठल्याही खात्यात रुजू झालात आणि टेबलावर मोठ्या प्रकल्पाची फाइल आली, तर पान उलटण्याआधी हे तीन प्रश्न जरूर विचारा. उत्तर देताना समोरचा साहेब चिडला, तर समजा की प्रश्न बरोबर जागी लागलाय.

आणि तोपर्यंत हात रिकामे ठेवायचं कारण नाही. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत फिरणाऱ्यांना एक फुकटचा विषय देतो. आपल्या होस्टेलच्या टाकीतून जो मुख्य पाइप खाली येतो त्यावर एक मीटर बसवा. रात्री दोन वाजता रीडिंग घ्या, चार वाजता पुन्हा घ्या. (तसेही सबमिशनच्या काळात सगळे जागेच असतात!) त्या वेळी अंघोळ कोणी करत नाही, कपडे कोणी धूत नाही. तरी काटा फिरत असेल, तर कुठल्या मजल्यावर, कुठल्या फ्लशमधून आणि कुठल्या सांध्यातून पाणी चाललंय ते शोधून काढा. सिव्हिलवाल्यांनी सांधे बघावेत, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी सेन्सर लावावा, कॉम्प्युटरवाल्यांनी रीडिंगचा आलेख काढावा. आलेख रेक्टर सरांना दाखवा आणि मग नवीन टाकीची मागणी करा. आकडा हातात घेऊन आलेल्या माणसाला नाही म्हणणं कोणालाही जड जातं.